गाडी अजून तुमच्या नावावर आहे

१२ ऑगस्ट

आई,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘आई’ म्हणायचा हक्क मला कागदोपत्री उरलेला नाही, पण दुसरं काही लिहायला घेतलं की कोणा परक्या बाईकडे अर्ज करतेय असं वाटायला लागलं. तेव्हा हेच राहू दे. नको वाटलं तर वाचताना तेवढा शब्द सोडून द्या.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता आलं नसतं.

कामाचं आधी सांगते. गाडी बंद पडलीय. बॅटरी उतरली, पंक्चर झाली, तसली नाही. इंजिन जाम झालंय.

झालं असं. जूनमध्ये गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी भरावं, संध्याकाळी टाकी पुन्हा कोरडी. म्हणून आपण जिथून गाडी घेतली त्याच शोरूममध्ये नेली. आठवत असेल तुम्हाला, पुढे काचेचं शोरूम आणि मागच्या अंगाला सर्विस सेंटर. तिथे सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन वरून उघडावं लागेल. उघडलं, बसवलं, गाडी धुऊन पुसून आत अत्तराची कुपी टांगून परत दिली. मीही खूश. थोडे दिवस बरी चालली. परवा एका पेशंटकडे निघाले होते, तर वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. कडेला घेतेय तोवर आतून कोणी हातोडी घालावी तसा आवाज झाला आणि सगळं थांबलं. मला काही झालेलं नाही. रस्ता मोकळा होता.

आता तिथला सर्विसचा माणूस म्हणतो, चूक माझी. हा मनुष्य कायम टाय लावून असतो, आणि बोलताना तो टाय सारखा सरळ करतो. मी त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणते. ‘मॅडम, दिवा लागल्यावर तुम्ही गाडी चालवलीत.’ म्हटलं, दिवा लागला आणि गाडी थांबली यात मला शिंकायलाही उसंत मिळाली नाही. तर म्हणतो, ‘सगळे असंच म्हणतात.’ नवं इंजिन टाकावं लागेल आणि ते माझ्या खर्चाने. मी म्हटलं, आधी हे उघडा आणि काय झालंय ते मला दाखवा. त्याने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि म्हणाला, ‘उघडायचं तर मालकाची सही लागेल. गाडी तुमच्या नावावर नाहीये.’

नाहीच आहे. गाडी अजून तुमच्या नावावर आहे. मी ते घर सोडलं त्यानंतर तुम्ही शेजारच्या काकूंच्या हाती पाकिटात चावी पाठवलीत, वर ‘चालवत राहा’ एवढंच लिहून. मी चालवत राहिले. नाव बदलायचं तुम्हीही काढलं नाहीत, मीही नाही. टायवाल्याने विचारलं, ‘मालक तुमच्या कोण?’ मी काय सांगणार? म्हटलं, त्यांनी मला गाडी शिकवली.

तर मला तुमची फक्त सही हवी आहे. सोबत कागद जोडलाय, खाली पेन्सिलीने खूण केलीय. तुम्ही यायची अजिबात गरज नाही. माझं इथे ठीक चाललंय.

तुमची
(पुढे काय लिहावं ते सुचत नाही)


२० ऑगस्ट

आई,

तुमचं कार्ड मिळालं. ‘सही अशी पोस्टाने पाठवत नसतात. गुरुवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस, थेट तिथेच भेटू.’ अक्षर तसंच आहे, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा.

पण खरंच येऊ नका. प्रवास मोठा आहे, मधे गाडी बदलावी लागते, आणि तिथले जिने तुम्हाला माहीत आहेत. एका सहीसाठी कोणी एवढी पायपीट करतं का? तुमचा निर्णय झालेला असेल तर माझं हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही निघालेल्याही असाल, हेही कळतंय मला.

मागच्या पत्रात ‘ठीक चाललंय’ म्हटलं ते अर्धंच खरं होतं. तुम्ही येणारच असाल तर डोळ्यांनी बघालच, म्हणून आधीच सांगते. माझं सगळं काम घरोघर जाऊन व्यायाम करून घेण्याचं. जवळचे पेशंट बसने होतात. लांबचे दोघे दुसरा फिजिओथेरपिस्ट बघून मोकळे झाले. त्यांचं काही चुकलं नाही. दुखणं काही माझ्या इंजिनासाठी थांबून राहत नाही.

सगळ्यात जास्त जीव टांगला होता शिंपीकाकांसाठी. ते गावाबाहेर राहतात, बस तिथपर्यंत जात नाही. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. आता कुठे भिंतीला धरून उभे राहायला लागलेत, आणि या वेळी खंड पडला तर केलेलं सगळं पाण्यात. फोन करून सांगितलं, काका, माझी गाडी गेली, काही दिवस जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी दारात स्कूटर. त्यांची सून मला न्यायला आलेली. कामावर जायच्या आधी एवढा वळसा घालून. म्हणाली, ‘तुम्ही मागे बसा आणि माझ्याशी बोलू नका, मला बोलताना चालवता येत नाही.’ तेव्हापासून रोज येते. आम्ही रोज मुक्याने जातो आणि मुक्याने परत येतो, आणि मला तिच्याइतकं जवळचं सध्या इथे कोणी वाटत नाही.

काका काल दार धरून उंबऱ्यापर्यंत आले. मला म्हणाले, ‘तुझ्या गाडीच्या आधी मी चालू होतो बघ.’

गुरुवारी बाहेरच्या फाटकापाशी उभी असेन. स्टेशनवर येणार नाही. शब्द दिला.

तुमची


३० ऑगस्ट

आई,

जाताना तुम्ही म्हणालात, ‘मला तिथलं अर्धं ऐकू आलं नाही, कोण काय म्हणालं ते सविस्तर लिहून पाठव.’ तर हे घ्या.

तुम्ही आत आलात तेव्हा त्या पांढऱ्या सोफ्यावर एक जोडपं बसलं होतं, नवी गाडी घ्यायला आलेलं. टायवाल्याने तुम्हाला मागच्या सर्विसच्या बाकावर बसवायचा प्रयत्न केला. त्याला काय म्हणालात ते तुम्हाला ठाऊकच आहे, ‘इथे बरंय, उजेड आहे.’ त्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, आजींना मागे घेऊन चला ना, इथे कस्टमर असतात.’ मी म्हटलं, त्याही कस्टमरच आहेत.

मग त्याने तुम्हाला सगळं समजावलं. दिवा, तेल, माझी चूक. तुम्ही छान मान डोलावलीत आणि म्हणालात, ‘काय म्हणालात?’ त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तुम्ही पुन्हा, ‘काय?’ तिसऱ्यांदा त्याला जवळजवळ ओरडावंच लागलं, आणि आख्ख्या शोरूमने ते ऐकलं. आई, दोनदा ऐकताना मलाही त्याचं थोडं खरं वाटलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचं त्यालाच ते पटेनासं झालं. ‘म्हणजे, तसं असू शकतं,’ असं म्हणून तो थांबला.

तेवढ्यात त्या जोडप्यातल्या बाईने तुमच्याकडे वाकून विचारलं, ‘आजी, गाडी कशी आहे हो इथली?’ तुम्ही म्हणालात, ‘गाडी उत्तम आहे. मी इथूनच घेतली. फक्त बिघडली तर का बिघडली ते बघू देत नाहीत.’ हे तुम्ही इतक्या मायेने बोललात की तिला हसावं की उठावं कळेना. वरच्या काचेच्या केबिनमधून मॅनेजर खाली आला तो यानंतर. तुम्हाला वाटत असेल तो तुमच्या वयाचा मान ठेवून आला. तो त्या जोडप्याने बॅग उचलली म्हणून आला.

मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याने तुमची सही घेतली, माझ्यासमोर इंजिन उघडायचं कबूल केलं, दिवस ठरवून दिला. तुम्ही उठलात तेव्हा तो टायवाल्याला हळूच म्हणाला, ‘यांना कोणी होल्डवर ठेवायचं नाही.’ तुम्ही आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना होल्डवर ठेवलंत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तुमचं कानातलं यंत्र पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं होतं. सुटे काढताना मी पाहिलं. आई, काय म्हणावं तुम्हाला.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते.

टायवाल्याने तीनदा सांगितलं, त्यात ‘गाडी घाटाखालच्या वळणावरून उचलून आणली’ हेही तीनदा आलं. तो रस्ता तुमच्या गावाला जातो. दुसरीकडे कुठेच जात नाही. तुम्हाला ते ऐकू आलं की ओठांवरून कळलं मला माहीत नाही, पण त्यानंतर तुम्ही सोफ्यावरची पिशवी उचलून मांडीवर घेतलीत आणि मला बसायला जागा केलीत.

त्या रस्त्यावर माझा एकही पेशंट नाही. तुम्ही जिन्यावरून पडलात हे मला काकूंनी कळवलं होतं. मी तुमच्याकडे निघाले होते. येऊन काय बोलणार होते ते ठरलं नव्हतं. दारातूनच परत फिरले असते, असंही होण्यासारखं होतं. आणि रस्ता मोकळा नव्हता. चढावर, वळणावर, मधोमध गाडी थांबली आणि स्टिअरिंग दगडासारखं झालं. मागून एक ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरने ट्रक माझ्या मागे आडवा घातला, सगळे दिवे लावले, आणि खाली उतरून मागच्या गाड्यांना हात करत उभा राहिला. गाडी उचलायला माणसं येईपर्यंत तो हलला नाही. मी त्याला म्हटलं, तुमचा माल उशिरा पोचेल. तर म्हणाला, ‘सिमेंट आहे, नासत नाही.’ त्याचं नाव विचारायचं राहिलं. त्याच्यामुळे मी हे पत्र लिहू शकतेय.

तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा डावा पाय टाकताना कंबर उचलत होतात. माझा धंदाच तो आहे, माझ्यापासून लपवून काय उपयोग? दुखऱ्या गुडघ्याने, मधे गाडी बदलून, एका सहीसाठी आलात. निघताना तुम्हाला शोरूमच्या दारातून रिक्षात बसवून दिलं, परत वळले आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी राहून रडले. दुकानदाराला वाटलं मला काही हवंय. त्याने पाणी दिलं.

तुमची


८ सप्टेंबर

आई,

आज उघडलं. सगळं सांगते, पण घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

मागच्या वर्कशॉपमध्ये मला खुर्ची दिली होती. मी बसले नाही. गाडी वर उचललेली, खालून आपली गाडी मी पहिल्यांदाच पाहिली. बिचारीच्या पोटाला किती चिखल. मॅनेजर होता, टायवाला होता आणि इंजिन खोलायला एक मेकॅनिक. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. जूनमध्ये काम त्यानेच केलेलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, आधीच पढवून ठेवलेला दिसतोय.

इंजिनाच्या खाली तेल साठतं त्या भागाला चेंबर म्हणतात. त्यात एक जाळी असते आणि तिच्यातून तेल वर ओढलं जातं. चेंबर उतरवलं तर त्या जाळीला करड्या रंगाचं काहीतरी गच्च गुंडाळलेलं. मला आधी वाटलं मेलेला उंदीर आहे. मेकॅनिकने चिमट्याने ओढलं तर धागे निघाले. फडकं होतं. तेलाला जायला वाटच उरली नव्हती. इंजिन कोरडंच फिरलं आणि जळलं.

टायवाला लगेच म्हणाला, ‘हे आमचं नाही. मधे दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली असणार यांनी.’

मी तोंड उघडणार, तर मेकॅनिक बोलला. मोठ्याने नाही. ‘दुसरं गॅरेज नाही. फडकं माझं आहे.’

तो मॅनेजरला सांगत होता, पण बघत होता माझ्याकडे. म्हणाला, ‘इंजिनाचं वरचं हेड उतरवलं की कचरा आत पडू नये म्हणून मोकळ्या जागेत फडकं कोंबतो आम्ही. मीच कोंबलं होतं. तेवढ्यात मला दुसऱ्या गाडीवर बोलावलं, तिचा मालक उभा होता. परत येऊन मी हेड बसवून टाकलं. फडकं काढल्याचं मला आठवत नव्हतं. गाडी उचलून आणली त्या दिवसापासून तेच मनात घोळतंय.’

टायवाल्याने टाय सरळ केला आणि तो बाहेर निघून गेला. मॅनेजर म्हणाला, ‘इंजिन आम्ही देऊ, मॅडम.’ बस, एवढंच. इतके दिवस जे ऐकायची वाट बघत होते ते इतक्या साध्या आवाजात आलं की मला आनंदही झाला नाही. मी त्या मेकॅनिककडे बघत राहिले. ऑपरेशनच्या वेळी पोटात कापूस राहिलेला पेशंट मी पाहिलाय. तो कोणी ठेवला हे त्याला कधीच कळलं नाही, आणि कोणी येऊन सांगितलंही नाही. तो शेवटपर्यंत म्हणायचा, ‘माझीच प्रकृती नाजूक.’ मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं. आपल्याच हातून काही झालं असेल. गाडीचं, आणि गाडीचंच नाही.

बाहेर पडताना तो मेकॅनिक नळावर हात धूत होता. मी म्हटलं, ‘तुम्ही बोललात म्हणून झालं.’ तो म्हणाला, ‘तुम्ही घाटात होता म्हणे. मला पोरी आहेत दोन. त्यातली एक गाडी शिकतेय.’

संध्याकाळी चौकशीला फोन केला तर कळलं, त्याला घरी बसवलंय. पुढचं कळवू म्हणून सांगितलंय त्याला. आई, इंजिन मिळालं पण घशाखाली घास उतरत नाहीये. तडजोडीच्या कागदावर पुन्हा मालकाची सही लागणार आहे. तो कागद सोबत पाठवतेय. तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

तुमची


१९ सप्टेंबर

आई,

कागद तुम्ही माझ्याकडे न पाठवता थेट मॅनेजरलाच पाठवलात. मला त्याने आज बोलावून घेतलं. केबिनमध्ये गेले तर तो कपाळावर हात धरून बसलेला. म्हणाला, ‘तुमच्या सासूबाईंनी सही केलीय, पण वर दोन ओळी लिहिल्यात.’ त्याने ‘सासूबाई’ म्हटलं, मी दुरुस्त केलं नाही.

त्याने वाचून दाखवलं. ‘नवं इंजिन ज्याने फडकं ठेवलं त्याच माणसाने बसवावं. दुसऱ्या कोणी हात लावला तर ही सही रद्द समजावी.’

खरं सांगू? आधी मला तुमचा राग आला. म्हटलं, गाडीत बसायचंय मला, घाट चढायचाय मला, आणि या तिकडे बसून दानधर्म करतायत. त्याला नोकरी मिळू दे, पण माझ्या गाडीवरच कशाला? मॅनेजरही तेच म्हणत होता. ‘मॅडम, तुम्हीच त्यांना समजवा. एकदा चुकलेल्या माणसाच्या हातात पुन्हा तेच काम?’

मी म्हटलं, विचारते. आणि तुम्हाला फोन लावला. तुम्ही ‘हॅलो’ म्हटल्यावर मी जे काय ओरडले ते वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी ऐकलं असणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘अगं, तो आता जन्मभर फडकी मोजेल. बाकीच्यांचं मला माहीत नाही.’ आणि ठेवून दिलात.

मॅनेजरने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तो उठून खिडकीपाशी गेला. खाली शोरूममध्ये कोणीतरी नव्या गाडीला रिबन बांधत होतं. मग म्हणाला, ‘त्या दिवशी त्याला मधेच दुसऱ्या गाडीवर मीच बोलावलं होतं. हे त्याने तुमच्यासमोर सांगितलं नाही, बघितलंत ना?’

मी ते खरंच बघितलं नव्हतं. सोमवारपासून तो मेकॅनिक कामावर येतोय. आपल्या गाडीपासून सुरुवात.

शिंपीकाकांनी परवा शिवणाच्या मशीनवर बसून डाव्या हाताने चाक फिरवलं. पाय अजून खालच्या पेडलवर नीट पडत नाही. पण त्यांची सून मला परत आणताना चक्क एक वाक्य बोलली. ‘बाबा काल हसले.’ आणि स्कूटर जरा डगमगली.

तुमची


४ ऑक्टोबर

आई,

गाडी आली. सर्विस सेंटरने धुतली नाही, मीच नको म्हटलं. पाणी, साबण, अत्तर काही नको, जशी आहे तशी द्या.

मेकॅनिकने मला इंजिन बसवायच्या दिवशीही बोलावलं होतं. बाजूला एका पत्र्यावर सात-आठ फडकी ओळीने वाळत घातल्यासारखी मांडून ठेवली होती. झाकण लावायच्या आधी तो थांबला, त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला त्यातलं काय कळतंय, पण हलवली. मग त्याने झाकण लावलं.

सगळं झाल्यावर तो बाजूला झाला आणि म्हणाला, ‘पहिल्यांदा चावी तुम्हीच फिरवा, ताई. मला धीर नाही.’ मलाही नव्हता. पण दोघांपैकी कोणीतरी फिरवायलाच हवी होती. पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. ताप बघताना आपण कपाळावर ठेवतो ना, तसा.

एक फेरी आम्ही दोघांनी मिळून मारली. तो बाजूला बसला होता, चष्मा हातात धरून. सिग्नलला थांबलो तेव्हा मी सांगितलं, ही अट माझी नव्हती, आईंची होती. मला तर भीती वाटत होती. तो म्हणाला, ‘वाटायलाच हवी. मलाही वाटते.’ परत आल्यावर त्याने स्वतःच दार उघडून दिलं. टायवाला काउंटरवर होता. त्याने मला चावीची पावती दिली आणि टायला हात न लावता म्हणाला, ‘सॉरी, मॅडम.’ मला वाटतं त्याला कोणीतरी सांगितलं असणार. असू दे. सांगून म्हणाला तरी म्हणाला.

त्या दुपारी शिंपीकाकांकडे गाडीने गेले. काका फाटकापर्यंत आले होते, काठीवर. त्यांच्या सुनेला म्हटलं, उद्यापासून सुटलीस गं तू. तिचा चेहरा एवढासा झाला. म्हणून ठरवलंय, आठवड्यातून एकदा स्कूटरनेच जाणार.

आई, आभार कसे मानायचे मला माहीत नाही. तुमच्याकडे राहत होते तेव्हा मानायची वेळ आली नाही, आणि नंतर कोणत्या नात्याने मानणार म्हणून राहून गेले. चावीचं पाकीट आलं तेव्हा मला वाटलं होतं, गाडी देऊन यांनी हात झटकले. ‘चालवत राहा’ म्हणजे इकडे फिरकू नकोस. इतकी वर्षं मी ते तसंच वाचलं. तुम्ही शोरूममध्ये मला बसायला जागा केलीत, त्यानंतर मला ते तसं वाचता येईना.

त्या ट्रकवाल्याला, स्कूटरवालीला, औषधवाल्याला, त्या मेकॅनिकला, सगळ्यांना मी मनातल्या मनात रोज काहीतरी म्हणत असते. तुम्हाला म्हणायला गेले की पत्र लांबतं.

गुडघ्याचा फोटो काढला का? डॉक्टर काय म्हणाले? टाळाटाळ करू नका.

तुमची


१३ ऑक्टोबर

पोरी,

तू एवढी पत्रं लिहिलीस आणि मी एक कार्ड टाकलं. हे माझं पहिलं पत्र समज. मला लांबण लावता येत नाही, तुला माहीत आहे. एक्स्चेंजमध्ये तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची सवय.

तू गेलीस त्या दिवशी मी खिडकीत उभी होते, काही बोलले नाही. तू ते लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे. मुलगा माझा, वागला वाईट तो. तुला ‘थांब’ म्हणाले असते तर कोणाच्या तोंडाने? ‘जा’ म्हणाले असते तर जीभ झडली असती. म्हणून चावी पाठवली. मला वाटलं तुला कळेल. शब्द कमी पडले. आता जास्त लिहिते.

तुझा रस्ता मला टायवाल्याने पहिल्यांदा सांगितला तेव्हाच कळला. उरलेल्या दोन वेळा मी तेच पुन्हा ऐकावं म्हणून ‘काय?’ विचारलं. ओठ बरे वाचता येतात मला.

गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. वाटी बदलायची आहे. मुलाला कळवलं, तो म्हणाला रोज व्हिडिओ कॉल करीन. मी म्हटलं, बाबा, गुडघा व्हिडिओवर वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं असतं, नंतरचा व्यायाम अवघड, कोणीतरी खमकं माणूस हवं. मी म्हटलं, आहे.

तेव्हा तुझे पेशंट कोणाकडे तरी सोपवता येतील तेवढे सोपव. शिंपीबुवांना सोडून येऊ नकोस, त्यांच्या हिशेबाने दिवस ठरव, मग मी इथे हॉस्पिटलची तारीख घेते. फी घेणार असलीस तरच ये. फुकट येणारी माणसं लाड करतात, व्यायाम करून घेत नाहीत. मी रडले तरी सोडू नकोस. शिव्या दिल्या तर ऐकून घे, मी तुला क्लच शिकवताना कमी दिल्या नव्हत्या.

इथे कोणी विचारलं की ही कोण, तर मी सांगेन काय सांगायचं ते. तुला त्याची काळजी नको.

सकाळी निघ, घाटात दमाने घे. उशीर झाला तरी चालेल. मी जेवायची थांबते.